शनीवरचा डाग

“चांगलं चालत हुतं की ह्ये. कशापायी फोडलंस?”

अक्का काउंटरवर वाकून बघत होती. मी कॉम्प्युटरचा वेबकॅम उघडून बसलो होतो. पुढचं भिंग काढून टाकलं होतं आणि आतली ती चकाकणारी, तुरीच्या डाळीएवढी चकती उघडी पडली होती. सगळं चित्र तिच्यावरच उमटतं. तिला बोट लागू नये म्हणून मी चिमट्यानं काम करत होतो, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडत होतो. आणि अक्का माझ्या शेजारी उभी राहून शेंगदाणे खात होती. दाणे तळहातावर चोळायचे, फू करून सालं उडवायची आणि दाणे तोंडात टाकायचे.

“लांब हो अक्का. धूळ बसंल.”

“माझं शेंगदाणं म्हंजी धूळ व्हय रं?” असं म्हणून ती एक पाऊल मागं सरली आणि तिथून फुंकर मारली.

मला घाण सहन होत नाही. हा माझा जुना रोग आहे. आटपाडीत माझा फोटो स्टुडिओ, आणि या गोष्टीच्या वेळी, म्हणजे २००७ सालच्या चैत्रात, त्या धंद्याला पंचवीस वर्षं झाली होती. निगेटिव्हवर कुणाचं बोट उमटलेलं दिसलं की मला मळमळायचं. एखादं गिऱ्हाईक तेलानं चपचपलेलं डोकं माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकवून बसलं, की ते उठून जाईपर्यंत मला दुसरं काही सुचायचं नाही. बायको म्हणायची, ह्यांना माणसं नकोत, माणसांचे फोटो पाहिजेत. त्यात काही खोटं नव्हतं.

अक्का माझी थोरली बहीण, पारूबाई. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मागच्या गल्लीत एका खोलीत राहायची, पहाटे वाळूत शेंगदाणे भाजायची आणि दिवसभर एसटी स्टँडवर पाटी घेऊन हिंडायची. गाडी लागली की या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत पळायची. तिचं पोट तिच्या दोन पायांवर होतं, आणि साखर होऊन तिला आठ वर्षं झाली होती.

त्या दिवशी तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. नव्या चपलेचा अंगठा चावला होता, अंगठ्याच्या बेचक्यात शेंगदाण्याएवढा फोड आला होता. डॉक्टरला दाखव म्हणालो. हळद-तेल लावलंय म्हणाली. मी परत चिमटा हातात घेतला.

हे वेबकॅमचं वेड मला कसं लागलं ते सांगायला हवं. डिजिटल कॅमेरे आले आणि माझी डार्करूम रिकामी पडली. दुपारभर माशा मारायच्या. अशात पुण्याच्या एका कॉलेजच्या पोराची जुनी साडेचार इंची दुर्बीण स्वस्तात मिळाली. त्याच सुमारास कुठंतरी वाचलं, की साध्या वेबकॅमचं भिंग काढून तो दुर्बिणीला लावला की ग्रहांचे फोटो निघतात. आणि गंमत अशी, की वेबकॅम दुर्बिणीत बसवायला जी नळी लागते, ती म्हणजे फोटोच्या रोलची काळी डबी. तळ कापला की ती डबी दुर्बिणीच्या तोंडात अशी चपखल बसते की जणू त्यासाठीच केली होती. माझ्याकडे तशा डब्या पोतंभर होत्या. मेलेल्या धंद्याची डबी कामाला आली याचा मला फार आनंद झाला होता.

गच्चीवर कॉम्प्युटर नेला. संध्याकाळी आठच्या सुमारास शनी डोक्यावर यायचा. आटपाडीला पाऊस नाही म्हणून सगळे रडतात, पण आभाळ बघावं तर आमच्याच गावचं. माझ्या दुर्बिणीला मोटार नव्हती, त्यामुळे शनी पडद्यावरून सारखा सरकत जायचा, आणि मी हातानं खुंटी फिरवून त्याला परत जागेवर आणायचो. जागा चुकू नये म्हणून मी एक युक्ती केली. फोटो काढायला येणाऱ्या नवऱ्या मुलींसाठी स्टुडिओत कंगवा, पावडर आणि टिकल्यांचं पाकीट असायचं. त्यातली एक लाल टिकली मी पडद्याच्या काचेवर बरोबर मध्यभागी चिकटवली. शनी टिकलीमागं ठेवायचा, बस्स. वेबकॅम सारखी चित्रं घेत राहतो. त्यातली टिकलीमागं नेमकी बसलेली शंभर-दीडशे चित्रं मी निवडली आणि एका फुकटच्या सॉफ्टवेअरला दिली. ते ती एकावर एक रचून त्यांचं एक बरं चित्र करून देतं.

जे चित्र आलं ते पाहून मी गच्चीवर एकटाच हसत बसलो. कडं स्पष्ट दिसत होतं. शनीच्या अंगावरचे फिकट पट्टे दिसत होते. आणि त्या पट्ट्यांवर, जरा डावीकडं, एक काळा डाग होता.

दुसऱ्या दिवशी परत काढलं, परत डाग. तिसऱ्या दिवशी परत. मी इंटरनेटवर शोधलं, जगात कुणालाच शनीवर तसा डाग दिसलेला नव्हता. इथं शहाण्या माणसानं डोकं खाजवलं असतं. मी मात्र असं धरून चाललो की जगात पहिला मीच. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते माझ्यासाठीच. मी सरळ पुकळेला फोन लावला. पुकळे म्हणजे आमच्या तालुक्याचा वार्ताहर, त्याला रोज दोन कॉलम भरायचे असत. शनिवारच्या अंकात बातमी आली, फोटोसकट. ‘आटपाडीच्या छायाचित्रकारानं टिपला शनीवरचा काळा डाग.’

त्या एका शनिवारात मला पंचवीस वर्षांत मिळाला नाही एवढा मान मिळाला. चहाच्या टपरीवर लोक उठून जागा द्यायला लागले. हायस्कूलचे हेडमास्तर काळेल सर स्वतः येऊन हात हातात घेऊन गेले. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे सत्काराचे फोटो काढले होते. शाल कुणाच्या खांद्यावर पडते, नारळ कुणाच्या हातात जातो, हे भिंगातून बघत आलो होतो. आता लोक माझ्याकडं बघत होते, आणि ते मला आवडत होतं. इतकं आवडत होतं की आता आठवलं तरी लाज वाटते.

सोमवारी रेवणबुवा आला. स्टँडजवळच्या एका गाळ्यात तो कुंडल्या बघायचा. साडेसातीवाले, कोर्टकचेरीवाले, लग्न न जमणारे असे सगळे त्याच्याकडं. त्यानं आल्या आल्या दोन्ही हात माझ्या काउंटरच्या काचेवर ठेवले. दहाही बोटांना तेल आणि शेंदूर. काचेवर दोन पंजे जसेच्या तसे उमटले, नखांच्या कडेच्या काळ्या मळासकट. त्याला त्या फोटोच्या प्रती हव्या होत्या, भरपूर. तो म्हणाला, हा डाग म्हणजे शनिमहाराजांची दृष्टी, ती इकडं वळलीय म्हणून इथल्याच माणसाला दिसली. लोकांनी शनिवारी या फोटोवर तेल घालायचं, आणि डाग जाईपर्यंत अंगाला लोखंड लावायचं नाही. लोखंड शनीचं, हे तर कुणालाही माहीत आहे.

मला हसू आलं. त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण मी म्हणालो, प्रती देतो, फक्त प्रत्येकीच्या मागं माझा शिक्का असेल. बुवाला काय, तो हो म्हणाला. मी रबरी शिक्का काढला आणि जांभळ्या शाईत प्रत्येक फोटोच्या पाठीवर ठोकला : छायाचित्र, जालिंदर मेटकरी, मेटकरी फोटो स्टुडिओ, आटपाडी. बुवा गेल्यावर काच तीनदा पुसली. तेल जातच नव्हतं, नुसतं पसरत होतं.

त्या आठवड्यात केस कापणारा काशिलिंग माझ्याकडं तक्रार घेऊन आला. वस्तरा म्हणजे लोखंड, म्हणून लोकांनी दाढ्या करायच्या थांबवल्या होत्या. “तुझ्या शनीनं माझं दुकान बसवलं,” तो म्हणाला. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. तेव्हा ते नुसतं विनोदी वाटत होतं.

गुरुवारी मी म्हटलं, शनी पुरे, आज चंद्र बघू. अर्ध्याहून मोठा चंद्र होता. टिकली काढून टाकली होती, कारण चंद्र पडदाभर मावतो. पडद्यावर चंद्राची ती पांढरी, फोड आल्यासारखी कातडी आली. आणि तिच्यावर, मध्यापासून जरा डावीकडं, तोच काळा डाग होता.

मी खुंटी फिरवली. चंद्र सरकला, डाग जागचा हलला नाही. वेबकॅम डबीसकट फिरवला. चंद्र गोल फिरला, डाग तिथंच. मग मला सगळं कळलं. शनी पडद्यावर मोकळा सरकू दिला असता, तर पहिल्याच दिवशी तो डागाला मागं टाकून पुढं गेला असता. पण मी त्याला टिकलीमागं बांधून ठेवला होता, आणि डाग टिकलीच्या शेजारी होता. मी निवडलेल्या प्रत्येक चित्रात दोघं एकमेकांवरच असणार होते. चुकीला हातानं धरून बसवलं होतं मी.

खाली येऊन वेबकॅम उघडला. जाड भिंग डोळ्याला लावलं. त्या चकतीवर एक कण होता, केसाच्या जाडीचा, लालसर तपकिरी, कडेला वळलेला. चिमट्याच्या टोकावर घेतला. मला ओळखायला क्षणभरही लागला नाही. शेंगदाण्याचं साल.

जगात पहिला मी. अक्काच्या तोंडातल्या वाऱ्यानं उडालेलं एक साल तालुकाभर पूजेला लावलं होतं मी. मला पहिल्यांदा बुवाची नाही, माझी शिसारी आली. पण ती फार वेळ टिकली नाही, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी पुकळे आला तेव्हा मी त्याला सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. त्याआधी त्यानं सांगितलं की हा रविवार सोडून पुढच्या रविवारी हायस्कूलच्या मैदानात माझा सत्कार ठरलाय, काळेल सरांनी पत्रिका छापायला टाकलीय. माझं तोंड मिटलं. मी मनाशी म्हणालो, सत्कार होऊन जाऊ दे, मग सावकाश बघू. एक डागच तर आहे, कुणाचं काय बिघडतंय. आणि मूग गिळून बसलो.

मधल्या काळात अक्काचा पाय बरा झाला नव्हता. फोड फुटला, चिघळला. डॉक्टर ऐवळ्यांनी तिला बघितलं आणि मला निरोप धाडून बोलावून घेतलं. ते म्हणाले, आत पू भरलाय, लगेच कापून साफ करायला हवं. साखरेचा पाय आहे, आठ दिवस घालवले तर पाय जाईल. एवढं स्पष्ट बोलले. मी अक्काला रागावलो. ती म्हणाली, जाईन की, एवढा शनिवार जाऊ दे. शनिवारचं काय ते मी विचारलं नाही. मला पत्रिकेत नाव कसं छापायचं ते काळेल सरांना सांगायचं होतं.

आता मला असं म्हणायची सोय आहे की माझ्या लक्षात आलं नाही. बुवाचं लोखंडाचं मला माहीत होतं. डॉक्टरांचं कापायचं मला माहीत होतं. अक्काची रास कर्क, तिला साडेसाती चालू, हे तर घरात सगळ्यांना पाठ होतं. या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायला काही दुर्बीण लागत नव्हती. पण ठेवल्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी ती स्टुडिओत आली. एका नवरीचा फोटो चालला होता, मंडळी भरलेली. काळेल सर सत्काराचं बोलायला येऊन बसले होते. अक्का दारात उभी राहिली, चौकटीला धरून. डाव्या पायाला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलं होतं आणि ते ओलं होतं. ती आत आली आणि तिच्यामागून तो वास आला. गोडसर, कुजका, सोबत गोड्या तेलाचा. नवरीच्या मावशीनं पदर नाकाला लावला. मला पाय दिसला, पण आधी मला त्या माणसांची लाज वाटली. मी अक्काला म्हणालो, जरा बाहेरच थांब, फोटो होऊ दे.

ती बाहेर गेली नाही. तिथंच उभी राहून म्हणाली, “एकच इचारायचं हाय. जालू, त्यो डाग खरा हाय न्हवं?”

काळेल सरांनी माझ्याकडं पाहिलं. हसून, कौतुकानं. नवरीकडची माणसंही बघायला लागली.

“खरा न्हाई तर काय, अक्का?” मी म्हणालो. “पेपरात आलंय की.”

“पेपरचं ऱ्हाऊ दे. तू सांग.”

“खरा हाय.”

“आजून हाय?”

“हाय.”

“बरं,” असं म्हणून तिनं मान डोलावली आणि भिंत धरत धरत पायऱ्या उतरली. फरशीवर तिच्या डाव्या पायाचे ओले ठसे उमटले होते. मी बायकोला हाक मारून फिनेल घालून फरशी पुसून घ्यायला लावली.

हे मी लिहितोय तेव्हासुद्धा त्या फिनेलचा वास माझ्या नाकात आहे.

सत्कार रविवारी सकाळी झाला. काळेल सर बोलले, पुकळे बोलला. शाल अंगावर पडली, ती उन्हात टोचत होती. नारळ हातात घेऊन मी फोटोसाठी उभा होतो आणि कडेला स्टँडवरचा भेळवाला मला खुणा करत होता. मी त्याला थांब असा हात केला, फोटो होईपर्यंत. मग खाली उतरलो. अक्का स्टँडवर पाटीसकट पडली होती, अंग तव्यासारखं तापलेलं, शुद्ध नाही. ऐवळ्यांनी जीप बोलावून ठेवली होती. मी शाल तशीच अंगावर घेऊन जीपमध्ये बसलो. भर एप्रिलात, बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन, सत्काराची शाल पांघरून. सांगलीपर्यंत ती काढायचंही मला सुचलं नाही.

संध्याकाळी सांगलीच्या दवाखान्यात तिचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

तिचे कपडे आणायला मी दुसऱ्या दिवशी आटपाडीला आलो. आधी बुवाच्या गाळ्यावर गेलो. त्याची गचांडी धरायची असं वाटभर ठरवलं होतं. शिव्या जमवून ठेवल्या होत्या. मी ओरडून सांगितलं की तो डाग खोटा होता, कचरा होता, आणि तुझ्या लोखंडानं माझ्या बहिणीचा पाय घेतला. रेवणबुवा पाटावरून उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं होतं तो आवाज चढवेल, काहीतरी मंत्र-तंत्र बोलेल.

“खोटा हुता?” तो म्हणाला. “मग मला सांगायचं हुतंसा की, मेटकरी. मला शनी कुठं दिसतोय? तुमी दुर्बीणवाले.”

तो सोंग करत असेल म्हणून मी त्याच्याकडं टक लावून पाहिलं. करत नव्हता. मला तिथं उभं राहवेना.

अक्काची खोली उघडली. आतला वास सांगत नाही. कोपऱ्यात भाजायची कढई आणि वाळू. देवळीत देव, आणि देवांच्या बाजूला भिंतीला टेकवून एक फोटो ठेवलेला, खाली तेलाची वाटी. फोटो पाठमोरा होता. शनीचं तोंड भिंतीकडं होतं आणि पाठीचा कोरा कागद बाहेर. त्या कागदावर माझा शिक्का. तेल वरून ओघळत गेलं होतं, कागद पारदर्शक झाला होता आणि जांभळी शाई पसरून खाली उतरली होती. जालिंदर एवढंच वाचता येत होतं. तेलात माशी मेली होती. मी फोटो उचलला, बोटं चिकट झाली, आणि मी बाहेर येऊन ओट्यावर ओकलो.

तो फोटो मी रुमालात गुंडाळून सांगलीला नेला. का नेला ते मला अजून कळलेलं नाही.

तीन-चार दिवस तो तसाच पिशवीत राहिला. मग तिला शुद्ध येऊन दोन दिवस झाले होते. चादर डावीकडं गुडघ्यापासून सपाट होती. मी तिकडं बघत नव्हतो आणि तिला ते कळत होतं. मी रुमाल उघडला. म्हणालो, हा उलटा का ठेवला होतास.

“शनीकडं सरळ बगू न्हाई म्हनत्यात,” ती म्हणाली. “भ्या वाटतं. मागं तुजं नाव हुतं. मला वाचाया येत न्हाई, पर शिक्का वळखू येतो की. म्हनलं, ह्येच्याकडं बगून घालावं त्याल.”

“बुवावर एवढा इस्वास?”

“बुवावर कुठला? त्यो सतरा जणास्नी सतरा सांगतुया. डागदर काप म्हनला, बुवा नगं म्हनला. कुनाचं ऐकावं ते कळंना, म्हनून तुला इचाराया आले. म्हनलं जालू आपला, त्यो खोटं सांगायचा न्हाई.”

वॉर्डात पलीकडच्या खाटेवर कुणीतरी पोळी खात होतं. मी तिला सगळं सांगितलं. चंद्र, टिकली, चिमटा. डाग म्हणजे तिच्याच शेंगदाण्याचं साल होतं, हेही सांगितलं. त्यावर तिला हसू येईल अशी मला कुठंतरी आशा होती. ती हसली नाही. तिनं तोंड छताकडं केलं.

“मी शुक्रवारी आले,” ती म्हणाली, “तवा तुला ह्ये म्हाईत हुतं?”

“हुतं.”

“किती दीस?”

“गुरुवारी रात्री कळलं. आदल्या आठवड्यात.”

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि हात चादरीवर ठेवून दिला.

“मग त्यो बुवा बरा,” ती म्हणाली. “त्येला तर म्हाईत नव्हतं.”

याला आता सोळा वर्षं झाली. अक्का माझ्याच घरी असते. नकली पाय बसवलाय, कुबडी घेऊन गल्लीभर हिंडते, स्टुडिओच्या पायरीवर बसून शेंगदाणे विकते. माझ्याशी बोलते, जेवण उशिरा झालं तर माझ्यावर चिडते, सणाला माझ्या बायकोशी भांडते. ते वाक्य तिनं पुन्हा कधी काढलं नाही. परतही घेतलं नाही, आणि मीही तिला घ्यायला सांगितलं नाही.